चौदा कलमं आणि एक राहिलेली ओळ

उज्जैनच्या सरकारी दवाखान्यात मी जिथे बसत असे, त्या खोलीला कागदोपत्री ‘त्वचारोग विभाग’ असं भारदस्त नाव होतं. लोक तिला ‘खुजली वाला कमरा’ म्हणत. टांगेवाल्याला विभागाचं नाव सांगितलं तर तो तुम्हाला भलत्याच दारात सोडी. खुजली वाला कमरा म्हटलं की थेट आमच्या पायरीशी आणून उतरवी, आणि वर स्वतःचा कोपर पुढे करून सल्ला विचारी.

त्या खोलीत मी बावीस वर्षं नर्स होते. तेवढ्यात दवाखान्याच्या पाटीवर तीन राज्यं होऊन गेली. आधी ग्वाल्हेर संस्थान, मग मध्यभारत, मग मध्यप्रदेश. दर वेळी रंगारी शिडी लावून वरची ओळ खरवडे आणि नवी लिही. रबरी शिक्के बदलत. गेलेल्या राज्याच्या छापील फॉर्मांचे गठ्ठे मात्र उरत, आणि त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर आम्ही पुढची दोन-तीन वर्षं निभावून नेत असू. खाज तीच होती. तिला कोणतंही राज्य चालत असे.

मी यादी करणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. आमचे पूर्वज शिंद्यांच्या दरबाराबरोबर माळव्यात आले, ते दप्तरात याद्या लिहायच्या कामावर. लग्नाला काय लागलं, पागेत घोडे किती, कोणाला कोणता शेला दिला. घोडे गेले, शेले गेले, याद्या करायची खोड तेवढी रक्तात उतरली. माझ्याकडे चादरींची यादी असे, बाटल्यांची असे, आणि डॉक्टरसाहेबांना न सापडणाऱ्या वस्तू कुठे ठेवल्या आहेत याचीही असे. लग्न मी केलं नाही. त्याची कारणंसुद्धा एकदा लिहून काढली होती; अकरा निघाली.

कातडीचं काम बाहेरून वाटतं तितकं सोपं नाही. पोटदुखी दिसत नाही म्हणून माणूस ती मोकळेपणी सांगतो. कातडीवरचं सगळं दिसतं, म्हणून तो लपवतो. बाया पदर ओढून येत, पुरुष पूर्ण बाह्यांचा सदरा घालून येत, आणि निम्मे लोक ‘एका दोस्तासाठी’ विचारायला येत. दोस्त गावाला गेलेला असे, त्याचं गजकर्ण मात्र समोर बसलेलं असे. डॉक्टर व्यास आत तपासायचे. त्याआधी बाहेर मी प्रत्येकाला चार प्रश्न विचारून वहीत उत्तरं लिहायची: किती दिवस झाले, कुठून सुरू झालं, घरात आणखी कोणाला आहे, आणि आजवर काय काय लावलं. पहिल्या तिन्हींची उत्तरं एका शब्दात संपत. चौथ्याला पान पुरत नसे. राख, हळद, तुरटी, चुना, घासलेट, बाबाजींची विभूती, शेजारणीच्या डोळ्याचं मलम. आमचे कंपाउंडर मिश्राजी म्हणत, “सिस्टर, बीमारी तो कब की भाग गई, अब तो इलाज का इलाज चल रहा है.”

क्षिप्रेच्या घाटावरचे एक पंडाजी दर पावसाळ्यात पायांच्या बोटांमधल्या चिखल्या घेऊन येत. औषध देऊन मी सांगायची, महिनाभर पाय कोरडे ठेवा. ते माझ्याकडे दयेनं पाहत. “बई, सूखे पाँव देखके कौन जजमान रुकेगा?” शेवटी डॉक्टरांनी तडजोड काढली. पूजा पाण्यात उभं राहून, दक्षिणा मात्र बाहेर येऊन, पाय पुसून. पंडाजींच्या चिखल्या त्या वर्षी बऱ्या झाल्या. त्यानंतर ते मला ‘बई’ऐवजी ‘गुरुमाता’ म्हणू लागले आणि घाटावर माझी बरीच पंचाईत झाली.

अशी मौज पुष्कळ आहे. पण संपादकांनी एखादी न विसरलेली केस लिहा असं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आली ती प्रभाकर आणि सुमती यांची. तिच्यात रोगी असा कोणी नव्हताच. जे बिघडलं ते माझ्या यादीमुळे.

त्याआधी गुलाबची हकीकत सांगायला हवी, कारण भीती तिथून सुरू झाली.

गुलाब ही एका लखाऱ्याची, म्हणजे लाखेच्या बांगड्या करणाऱ्याची बायको. तिच्या दोन्ही हातांना, कोपरापासून मनगटापर्यंत, जुनं इसब होतं. इसबाची कातडी म्हणजे जागोजागी कौलं सरकलेलं छप्पर. एरवी निभतं, पण वरून काही आलं की थेट आत. एका वर्षी तिच्या नवऱ्याला हिवताप आला आणि ताप उतरताना ओठावर पुळ्यांचा झुबका उठला. आपल्याकडे त्याला ‘ताप मुतला’ म्हणतात. लोक हसण्यावारी नेतात, आठ-दहा दिवसांत खपली धरते, विषय संपतो. या घरात नवरा-बायकोचा तोंड पुसायचा अंगोछा एकच होता. आठवडाभरात गुलाबच्या दोन्ही हातांवर, जिथे जिथे इसब होतं तिथे तिथे, बारीक पुळ्यांचं रान उठलं. सणकून ताप भरला. काखेत गाठी आल्या.

घरच्यांनी ठरवलं, माता आली. दारावर कडुलिंब बांधला, औषध बंद, पाणी बंद. पाच दिवसांनी टांग्याला पडदा लावून तिला आमच्याकडे आणलं, तेव्हा तिला शहराबाहेर, देवीच्या रोग्यांच्या खोल्यांत पाठवायची तयारी सुरू झाली होती. डॉक्टर व्यासांनी भिंग मागितलं. बराच वेळ पाहिलं. मग मला म्हणाले, “सिस्टर, देवी काय इसब बघून बसते? नितळ कातडीवर एक तरी फोड दाखवा.” एकही नव्हता. आणि दंडावर लहानपणी टोचल्याच्या खुणा होत्या. मग त्यांनी नवऱ्याला बोलावून त्याच्या ओठावरची खपली पाहिली आणि मान हलवली. ओठावरचा तो क्षुल्लक आजार इसबाच्या कातडीत शिरला की असा पेटतो. त्याला एक लांबलचक परदेशी नाव आहे; ते मी तेव्हा लिहून घेतलं, अजून नीट उच्चारता येत नाही.

त्या काळी त्यावर नेमकं औषध नव्हतं. लाल दव्याच्या, म्हणजे पोटॅशच्या, पाण्याच्या पट्ट्या, जांभळा रंग, पू होऊ नये म्हणून सुया, आणि लक्ष. तीन आठवडे ती आमच्याकडे होती. वाचली. हातांवर मात्र बारीक खड्ड्यांची नक्षी राहिली. बरी झाल्यावर तिनं स्वतः माझ्या हातात बांगड्या भरल्या आणि म्हणाली, “मैया नी थी, बई. म्हारो आदमी थो.” हसून म्हणाली. नवरा मागे उभा होता, तो हसला नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी, चैत्रात, प्रभाकर आला.

सत्ताविशीचा, एका सरकारी कचेरीत कारकून, माधव नगरात आईबरोबर राहणारा. सगळे रोगी गेल्यावर बाकाच्या टोकाशी बसून होता. म्हणाला, एका दोस्तासाठी विचारायचं आहे. मी म्हटलं, दोस्ताच्या ओठावर खपली दिसते आहे. मग तो नीट बोलला. लग्नाला तीन महिने झाले होते. शाळेत असल्यापासून त्याच्या ओठावर वर्षातून काही वेळा हे उठे. ऊन लागलं, जागरण झालं, कचेरीत तपासणी आली की हमखास. आणि बायकोला, सुमतीला, लहानपणापासून इसब. कोपरांच्या खोबणीत, मानेवर, कधी डोळ्यांच्या कडेला. कचेरीच्या वाटेवर लखाऱ्याचं दुकान. गुलाबचे हात तो रोज बघत असे, आणि तिच्या नवऱ्यानं त्याला ते हात कसे झाले तेही सांगितलं होतं.

“माझ्यामुळे तिला तसं झालं तर, सिस्टर?”

माझ्या नोकरीत बायकोच्या कातडीची काळजी घेऊन एकटा आलेला हा पहिलाच नवरा. मला इतका आनंद झाला की मी त्याला खुर्ची दिली. डॉक्टर व्यास त्या आठवड्यात रजेवर होते. पण गुलाबच्या वेळी त्यांनी सांगितलेलं सगळं माझ्या वहीत होतं. मी म्हटलं, थांबा, लिहूनच देते. फॉर्मांचा गठ्ठा ओढला, पाठकोऱ्या बाजूवर आकडे टाकले, आणि कार्बन लावून कलमांमागून कलमं लिहीत गेले. टॉवेल वेगळा. उशी वेगळी. एका ताटात जेवू नये. पेला वेगळा. ओठाला हात लावल्यास साबणाने धुवावा. तिच्या मलमाची डबी आपण उघडू नये. अंथरूण निराळं. आठव्या कलमापाशी मी अडखळले. मुके घेऊ नयेत हे सरकारी फॉर्मच्या पाठीवर कसं लिहायचं? शेवटी लिहिलं, ‘मुखस्पर्श वर्ज्य’. मिश्राजींनी खांद्यावरून वाचलं आणि खोकत बाहेर निघून गेले.

एकंदर चौदा कलमं झाली. खाली सही केली, दवाखान्याचा शिक्का मारला. कागद देताना मला वाटलं, आपल्या पूर्वजांनी घोड्यांचीसुद्धा इतकी चोख यादी केली नसेल. प्रभाकरनं दोन्ही हातांनी कागद घेतला, घडी घातली, नमस्कार केला आणि गेला. मी कार्बनची प्रत फायलीत लावली आणि विसरले.

त्या वर्षी सगळ्यांनाच विसरायला सबब होती. मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश येणार, राजधानी भोपाळला, कोणती कचेरी उचलली जाणार, कोणाचं नाव कोणत्या यादीत, याखेरीज गावात बोलणं नव्हतं. लोक अंगावर पित्त उठलं म्हणून यायचे आणि तबादल्याचं सांगत बसायचे. मिश्राजी दोन्हीवर एकच गुलाबी लोशन द्यायचे.

कार्तिकात पाटीवरचं राज्य बदललं आणि मार्गशीर्षात सुमती आली. मी तिला पूर्वी पाहिलेलं नव्हतं. सावळी, नाकीडोळी नीटस, बाह्या मनगटापर्यंत. इसब बेताचं होतं; मी याहून किती वाईट पाहिलं होतं. मलम कसं लावायचं ते मी तिच्या कोपरावर दाखवत होते, तेव्हा ती खाली बघत म्हणाली, हे महिन्याभरात पुरतं जाईल का? मी म्हटलं, इसब पुरतं जात नाही, आटोक्यात राहतं, घाई कसली? तर तिनं सांगितलं की ‘यांचा’ भोपाळला तबादला झाला आहे. महिन्यानं निघायचं. एकच खोली मिळणार, म्हणून हे एकटे जाणार. सासूबाई म्हणतात, तू तोवर रतलामला माहेरी जाऊन रहा. तोवर म्हणजे कधीपर्यंत, ते कोणी सांगत नाही.

मग तिनं बाही खाली ओढली आणि माझ्याकडे पाहिलं.

“सिस्टर, मला साफ-साफ सांगा. माझी कातडी इतकी वाईट आहे का, की नवऱ्यानं आठ महिने बोटसुद्धा लावू नये?”

मला खरंच काही कळेना. मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, चैत्रापासून. एक दिवस हे एक कागद घेऊन आले आणि कपाटाच्या दाराला आतून डकवला. म्हणाले, तुझ्या भल्यासाठीच आहे.

“तू वाचलास?”

“मला वाचता येतं, सिस्टर. चौदा कलमं आहेत. खाली सही तुमची आहे.”

ती गेल्यावर मी फायलीतून कार्बनची प्रत काढली. उभ्यानंच वाचली. मग बसून वाचली. चौदाही कलमं बरोबर होती, एकही चुकीचं नव्हतं. पण हे सगळं कधी पाळायचं आणि कधी सोडायचं, ही एक ओळ कुठेच नव्हती. माझ्या मनात ती इतकी पक्की होती की लिहायची राहूनच गेली. ओठावर पुळी असेपर्यंत. खपली पडून कातडी कोरी झाली की संपलं. ते न लिहिल्यामुळे दहा दिवसांचं पथ्य आठ महिने चाललं होतं.

डॉक्टर व्यासांना कागद दाखवला. आठव्या कलमापाशी ते मोठ्यानं हसले, चौदाव्यापर्यंत येईतो त्यांचं हसणं थांबलं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले की नियम उत्तम लिहिलेत, मुदत लिहिली नाहीत. मी म्हटलं, ओठ कोरा असताना काहीच धोका नाही असं लिहू का? ते म्हणाले, असं लिहू नका, कातडीच्या बाबतीत शंभर टक्के मी कोणालाच काही सांगत नाही. धोका जखम असताना मोठा, नसताना फारच थोडा. तेवढ्यासाठी कोणी संसार बंद ठेवत नाही.

पुढच्या रविवारी सकाळी मी टांगा करून माधव नगरात गेले. घरात बांधाबांध चालली होती. एका ट्रंकेत फक्त प्रभाकरचे कपडे. त्याच्या आईनं, काकूंनी, मला पाट दिला, चहा दिला आणि मी काही विचारायच्या आत गाऱ्हाणं सुरू केलं. त्यांच्या घरात सून मुलाच्या ताटात जेवते, ही पिढ्यांची रीत. या सुनेनं तीन महिने पाळली आणि चैत्रात ताट वेगळं केलं. मुलाला विचारावं तर तो काही बोलत नाही. आठ महिने मायलेकात धड संभाषण नाही.

“मुलाचं उष्टं जिला चालत नाही, तिनं भोपाळला जाऊन काय करायचं?” काकू म्हणाल्या. “जाऊ दे, सिस्टर. तुम्हाला नवऱ्याचं ताट काय ठाऊक.”

बोलणं लागलं. पण खरं होतं, म्हणून गिळलं. मी म्हटलं, “काकू, ताट तिनं वेगळं केलं नाही. मी केलं. कलम तीन.”

काकूंच्या हातातली बशी तशीच राहिली. आतून प्रभाकर आला. मी त्याला कागद आणायला सांगितलं. त्यानं तो दारावरून इतक्या अलगद सोडवून आणला की एक कोपराही फाटला नाही. मी विचारलं, ओठ बरा झाल्यावर तुम्ही हे सोडलं का नाही? तो गोंधळला. त्याच्या मते प्रश्नच चुकीचा होता.

“सोडायचं कुठे लिहिलंय, सिस्टर? परहेज म्हणजे परहेज. तो काय आपल्या मर्जीनं सोडतात?”

मी म्हटलं, अहो, ज्या राज्याच्या फॉर्मवर हे लिहिलंय ते राज्यच राहिलं नाही.

“त्यानं काय होतं?” तो शांतपणे म्हणाला. “जुना आदेश रद्द होत नाही तोवर नव्या राज्यातही लागू असतो. आम्हाला कचेरीत हेच तर सांगितलंय.”

मी यादी करणाऱ्यांच्या घराण्यातली, तो यादी पाळणाऱ्यांच्या. एकमेकांसाठीच जन्माला आलो होतो जणू, आणि मध्ये ती पोरगी सापडली होती. मी म्हटलं, निदान परत येऊन विचारायचं तरी. तो म्हणाला, तुम्ही ‘परत दाखवावे’ असं लिहिलं नव्हतं. मग ट्रंकेकडे बघत म्हणाला, “आणि खरं सांगू? मला विचारायची भीती वाटत होती. तुम्ही म्हणाल, आता ठीक आहे, आणि मग तिचे हात गुलाबसारखे होतील. रोज बघतो मी ते हात. त्यापेक्षा लांब राहिलेलं बरं. भोपाळला गेलो की निश्चिंत.”

सुमती दाराशी उभी होती. तिनं हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. आठ महिने एका छपराखाली राहून दोघं दोन वेगळ्या गोष्टींना घाबरत होती. तो तिच्या कातडीसाठी घाबरत होता, आणि ती त्याला आपली कातडी किळसवाणी वाटते म्हणून.

मी कागद उजेडात धरला. कलमांच्या शेजारी समासात प्रभाकरच्या बारीक अक्षरात तारखा होत्या. ओठावर कधी उठलं, खपली कधी पडली, सगळं नोंदलेलं. आठ महिन्यांत तीन वेळा. मी बोटांवर मोजून दाखवलं. एकंदर महिनाही होत नव्हता. बाकीचे सात महिने या माणसानं निष्कारण पथ्यावर काढले होते. ते त्याच्याच अक्षरात त्याला दाखवल्यावर तो भिंतीला टेकून खाली बसला.

इथे माझ्या हातून दुसरी चूक होता होता राहिली. मी पिशवीतून नवा कागद काढला होता आणि पेन्सिल घेऊन आकडा टाकणार, तोच सुमती म्हणाली, “सिस्टर, या वेळी आधी मला विचाराल का?”

बावीस वर्षांत मला इतकं सरळ कोणी थांबवलं नव्हतं. यादी जिच्या कातडीसाठी होती तिला मी चैत्रात एक प्रश्नही विचारला नव्हता. तिला बोलवावं, असंसुद्धा मनात आलं नव्हतं. दवाखान्यात आलेल्या कोणत्याही रोग्याला मी चार प्रश्न विचारत असे, आणि तिला शून्य. हे मला अजून खटकतं.

मी पाटावरून उठले, तिला बसवलं आणि विचारलं. मग ती बोलली. पुळी उठायच्या आदल्या दिवशी यांचा ओठ हुळहुळतो आणि हे सारखी जीभ फिरवतात, ते मला ह्यांच्याआधी कळतं, तेव्हापासूनच जपू. टॉवेल नेहमीच वेगळा ठेवू, त्यात काय मोठं. खपली पडेपर्यंत मी माझं अंथरूण खिडकीशी घालीन. बाकी दिवसांचं मी बघेन.

“आणि थोडासा धोका राहतोच, असं डॉक्टर म्हणतात,” मी म्हटलं.

“तेवढा मी घेते,” ती म्हणाली. “चुलीपाशी रोज घेतेच की.”

प्रभाकरनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. काकू एकदम उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि नसलेलं काही हुडकू लागल्या.

नवा कागद आम्ही तिघांनी मिळून लिहिला. पहिली ओळ: ओठ हुळहुळल्यापासून खपली पडून कातडी कोरी होईपर्यंतच लागू. त्यानंतर चौदातली नऊ कलमं, कारण पाच उगाचच होती हे मला तेव्हा दिसलं. मग सुमतीसाठी: इसब कोरडं पडू देऊ नये, मलम चुकवू नये. आणि इसबावर एकाएकी बारीक पुळ्या उठून किंवा खड्डे पडून ताप आला, किंवा डोळ्याजवळ काही उठलं, तर त्याच दिवशी दवाखाना. माता म्हणून घरी बसू नये. हे मी काकूंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाचलं. शेवटी प्रभाकर म्हणाला, एक ओळ राहिली. त्यानं स्वतःच्या हातानं लिहिली: ‘चैत्रातील आदेश या आदेशाने रद्द.’ आता कुठे त्याला मोकळा श्वास आला. सुमती म्हणाली, दोन प्रती करा. एक माझ्याकडे राहील.

सही करताना माझ्या लक्षात आलं की हासुद्धा फॉर्म मध्यभारताचाच आहे. तशीच सही ठोकली.

काकूंचं पुरतं समाधान झालं असेल असं मी म्हणणार नाही. निरोप देताना त्या एवढंच म्हणाल्या की चौदा कलमं लिहिलीत, त्यात ‘आईला सांगावे’ हे एक घालायला काय झालं होतं. तेव्हापासून मी दिलेल्या प्रत्येक कागदावर वरच्या कोपऱ्यात ‘कधीपर्यंत’ आणि खालच्या कोपऱ्यात ‘कोणाला सांगितले’ असे दोन रकाने असत. नवी मुलगी कामावर आली की मी तिला ते आधी शिकवत असे, मलमं मागाहून.

महिन्यानं ते निघाले, त्या दिवशी दुपारी मी स्टेशनवर गेले. सुमतीला द्यायला मलमाच्या दोन डब्या होत्या, हे निमित्त. ट्रंका आता दोन होत्या. काकू फलाटावर पाण्याची सुरई घेऊन उभ्या होत्या. बिऱ्हाड लागलं की पाठोपाठ त्याही जाणार होत्या. गाडी सुटायला अवकाश होता. सुमती खिडकीशी बसून डबा उघडून खात होती, सकाळपासून कामात जेवायला सवड झाली नव्हती. अर्धी पोळी संपली आणि तिला पुरे झालं. तिनं उरलेली डब्यात टाकली, तशी प्रभाकरनं हात घालून ती उचलली, तिच्या उरलेल्या भाजीला लावली आणि खाऊ लागला. नवरा बायकोचं उष्टं खातोय, तेही फलाटासमोर. काकूंनी पाहिलं, आणि लगेच मान वळवून सिग्नल पडला का ते बघू लागल्या. सिग्नल त्या बाजूला नव्हताच.

मी सवयीनं त्याच्या ओठाकडे पाहिलं. कोरा होता.